वसुलीच्या हलगीचा ताल

चौतीस वर्षांच्या नोकरीत मला एकच मेमो मिळाला, तोही निवृत्तीला सात महिने उरले असताना. त्यात लिहिलं होतं, 'कर्जदाराच्या अर्जाची विहित मुदतीत नोंद न करणे.' खरं कारण लिहायला त्या कागदावर जागा नव्हती, आणि असती तरी आमच्या मुख्य कार्यालयाला ते पटलं नसतं. दिवाळी अंकाच्या संपादकांनी परवा फोन करून 'बँकेतलं काहीतरी गमतीदार लिहा' असं सांगितलं, तेव्हा मला हेच आधी आठवलं. गमतीदार आहे की नाही ते तुम्ही ठरवा. मला अजून हसू येतं, आणि हसता हसता मध्येच कान तापतात.

बँकेचं नाव सांगत नाही. सोलापुरातली एक सहकारी बँक होती एवढं पुरे. लोक पासबुक भरायला यायचे आणि जाताना काउंटरवर लग्नाची पत्रिका ठेवून जायचे, असा आमचा आणि गावाचा संबंध. तिथं शेवटची अकरा वर्षं मी शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर काढली. सगळे मला माने मॅडम म्हणत.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. गाडीचं कर्ज काढलं की पुढच्या महिन्यापासून हप्ता सुरू. शिक्षणाचं तसं नाही. पोरगं शिकतंय तोवर, आणि शिक्षण संपल्यावर आणखी एक वर्ष, हप्त्याला सुट्टी. कागदावर तिला मोरॅटोरियम म्हणतात. पालक हा शब्द म्हणायला जायचे आणि अर्ध्यात अडकून माझ्याकडं बघत बसायचे, म्हणून मीच 'सुट्टी' म्हणायला लागले. पदवीनंतर पोरगं आणखी पुढं शिकायला गेलं तर ही सुट्टी वाढवून मिळते. पण आपोआप नाही. त्यासाठी अर्ज द्यायचा आणि नव्या कॉलेजचं बोनाफाइड जोडायचं, म्हणजे हा विद्यार्थी आमच्याकडं शिकतो असा दाखला. मग मी कॉम्प्युटरमध्ये शिक्षण संपायची तारीख पुढं ढकलायची आणि दुसऱ्या अधिकाऱ्यानं आपला पासवर्ड टाकून ती मंजूर करायची. एवढं झालं नाही, तर कॉम्प्युटरच्या लेखी ते पोरगं शिकून मोकळं झालेलं, नोकरीला लागलेलं आणि हप्ता बुडवून हिंडणारं. ते वर्गात बसून वही लिहितंय, हे कॉम्प्युटरला दिसत नाही.

दुसरा पासवर्ड होता बिराजदार साहेबांकडं. हे आमचे वसुली अधिकारी, अक्कलकोटकडचे. माणूस सज्जन, पण कागद हातात आल्याशिवाय त्यांना समोरचा माणूससुद्धा खरा वाटायचा नाही. एकदा मंगळवेढ्याच्या एका विद्यार्थ्याच्या कॉलेजातला क्लार्क रजेवर होता, दाखला मिळेना, आणि सुट्टी संपायला एक दिवस राहिलेला. त्या पठ्ठ्यानं काय केलं, तर प्राचार्यांनाच मोटारसायकलवर बसवून आणलं. प्राचार्य बिचारे घाम पुसत बिराजदारांपुढं उभे राहिले आणि म्हणाले, "हा मुलगा आमच्याकडं एम. एस्सी.ला आहे, मी स्वतः सांगतो." बिराजदारांनी त्यांना पाणी दिलं, चहा दिला, आणि अगदी नम्रपणे विचारलं, "सर, तुम्ही आलात, लई बरं वाटलं. पण तुम्हाला फाइलला कसं लावू सांगा की."

याच्या उलट केम गावचे एक गृहस्थ. त्यांना शिक्षण संपवायचंच नव्हतं. बी. ए. झालं, सुट्टी संपत आली की बोनाफाइड घेऊन हजर. एम. ए. झालं, मग दुसऱ्या विषयात एम. ए., मग ग्रंथालयाचा कोर्स. पहिल्या एम. ए.पेक्षा दुसरं एम. ए. हे उच्च शिक्षण धरायचं का, यावर आमच्या कर्ज समितीत पाऊण तास चर्चा झाली आणि निर्णय पुढच्या सभेवर गेला. पुढच्या सभेपर्यंत ते पासही झाले. शेवटी त्यांची आई एसटीनं येऊन माझ्यापुढं बसली. पदर सारखा करून हळूच म्हणाली, "बाई, ह्याला नापास करता येतंय का तुमच्याकडनं?"

असे नमुने. पण मेमो यांच्यापायी आला नाही. तो आला श्रीलतामुळं, म्हणजे खरं तर माझ्यामुळं.

श्रीलता शहराच्या पूर्व भागातली, विणकरांच्या वस्तीतली. तिचे वडील राजेशम अण्णा यंत्रमागावर टॉवेल विणायचे, आई घरी बिड्या वळायची. घरात तेलुगू, बाहेर मराठी. आमच्याच कर्जावर पोरगी बी. फार्म झाली आणि पुण्याला एका कॉलेजात एम. फार्मला तिचा नंबर लागला. सुट्टी वाढवायचा अर्ज घेऊन बापलेक माझ्याकडं आले. तीस वर्षं मागाच्या खडखडाटात राहून अण्णांचे कान गेलेले. त्यामुळं ते प्रत्येकाशी, जणू आपण दोघं चालू मागाजवळ उभे आहोत, अशा आवाजात बोलायचे. सगळी बँक ऐकत होती.

"म्याडम, माझं एकच म्हणनं हाय. बँक दारात यायची न्हाय."

मी विचारलं, का. तर त्यांच्या शेजारच्या घरातून कुठल्याशा फायनान्सवाल्यांनी भर दुपारी टीव्ही उचलून नेला होता. नेताना गल्लीतली शंभर माणसं उभी होती. ते कुटुंब पुढं महिनाभरात खोली सोडून गेलं, कुठं गेलं कुणाला ठाऊक नाही.

"तसं माझ्या दारात न्हाय पायजे. हिलापण सांगून ठेवलंय. ज्या दिवशी बँक दारात, त्या दिवशी पोरगी घरात. शिक्षण बंद. कारखान्यात हिशेबाला बसायचं."

श्रीलता मान खाली घालून बोनाफाइडचा कोपरा दुमडत होती. मला राग आला, अण्णांचा नाही, त्या टीव्ही नेणाऱ्यांचा. मी तोऱ्यात म्हणाले, "अण्णा, ही शिकतेय तोवर बँकेचं कुणी तुमच्या दारात येणार नाही. माझा शब्द." त्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा ओरडून म्हणाले. कॅशियरसुद्धा नोटा मोजायचा थांबला.

आणि मग मी जे केलं ते ऐका. श्रीलताच्या अर्जाचं आणि तिचा फोटो लावलेल्या बोनाफाइडचं मला इतकं कौतुक वाटलं, की ते दोन्ही कागद मी माझ्या टेबलाच्या काचेखाली सरकवले. त्या गल्लीतून एवढं शिकायला बाहेर गेलेली ही पहिली पोरगी. समोर कुणी बाप बसला आणि म्हणाला, "पोरीच्या जातीला बी. एस्सी. बास की ओ मॅडम," की मी काचेवर बोट ठेवायची. "ही बघा. वडील मागावर आहेत. आता बोला." असे पाच-सहा बाप तरी मी त्या काचेवर वळवले असतील. रोज सकाळी फडकं मारून काच लखलखीत ठेवायची.

चौदा महिने गेले. त्या वर्षी आम्हाला नवे मुख्य कार्यकारी अधिकारी आले. तरुण, हुशार, आणि डोक्यात रोज एक कल्पना. दसरा आठवड्यावर आलेला असताना त्यांचं परिपत्रक आलं. थकबाकीदाराच्या दारात हलगी वाजवत जायचं, बॅनर धरायचा, थकबाकीदाराला जाहीर हार घालायचा आणि फोटो काढायचा. लाजेनं माणूस पैसे भरतो, असं त्यात म्हटलं होतं. सोबत एक महिला अधिकारी असावी, असंही होतं. आमच्या शाखेत महिला अधिकारी मी एकटीच.

मी नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं नाही. निवृत्ती तोंडावर आली की माणूस फार आज्ञाधारक होतो.

हलगीवाला आला तो सिद्राम, दक्षिण सोलापूरकडच्या खेड्यातला, पन्नाशीचा, पांढरी टोपी. मॅनेजरच्या केबिनमध्ये त्यानं पहिलाच प्रश्न विचारला.

"ताल कुठला वाजवू?"

मॅनेजर म्हणाले, "वसुलीचा."

"तसला न्हाय साहेब. लग्नाचा हाय, जत्रंचा हाय, मयतीचा हाय, इलेक्शनला गुलालाचा हाय. वसुलीचा आजवर कुणी सांगितला न्हाय."

बिराजदारांनी परिपत्रक पुन्हा वाचलं. तालाचा उल्लेख नव्हता. मग ते म्हणाले, "मयतीचा बरा. गंभीर वाटेल." मी म्हणाले, माणूस जिवंत आहे, आपला खातेदार आहे, त्याच्या दारात मयतीचा वाजवला तर आपल्यालाच लोक उचलून नेतील. मुख्य कार्यालयाला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, स्थानिक पातळीवर निर्णय घ्यावा. शेवटी सिद्रामच म्हणाला, "गुलालाचा वाजवतो की. माझा त्योच हात बसलाय."

यादी कॉम्प्युटरनं काढलेली. त्यात जामीनदाराचं नाव आणि घर नंबर, बाकी काही नाही. कर्ज कशाचं, कुणासाठी, हे छापायला जागा ठेवली नव्हती. पहिलंच नाव राजेशम. आता आमच्या शाखेत राजेशम नावाचे निदान वीस खातेदार, आणि अण्णांचं घर मी कधी पाहिलेलं नव्हतं. म्हणून माझ्या डोक्यात काही आलं नाही. सकाळी अकराला आम्ही निघालो. पुढं हलगी, मागं गुंडाळलेला बॅनर घेतलेले बिराजदार, त्यांच्या मागं झेंडूचा हार पिशवीत घेतलेली मी.

सिद्रामच्या हातात खरंच जादू होती. गल्लीच्या तोंडाला त्यानं काडी मारली मात्र, दोन्ही बाजूंच्या खोल्यांतून माणसं बाहेर. बायका बिड्यांची सुपं मांडीवरून उतरवून आल्या. दोन पोरं नाचायला लागली. एक म्हातारे तर बिराजदारांशी हात मिळवून गेले. बिराजदार माझ्या कानाशी म्हणाले, "मॅडम, लाजायला कुणी तयार दिसत नाही."

घर नंबर सापडला. दारात एक बाई उभी होती, हातात साखरेची वाटी. तिनं मला बँकेत कधीतरी पाहिलं असावं, मला बघून तिचा चेहरा असा फुलला की मी मागं वळून बघितलं, कुणी पाहुणे आलेत का म्हणून.

"म्याडम, तुमाला कसं कळलं?"

मी म्हणाले, "यादीत नाव आलं ना."

"यादीत आलं? आमालाच सकाळी फोन आला. कॉलेजात पयली आली म्हनं. लगेच तुमी हलगी घेऊन आला?" आणि मला हाताला धरून ती आत वळून ओरडली, "श्रीलताच्या बँकंच्या म्याडम आल्या!"

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. सगळं एका क्षणात डोळ्यांपुढं आलं. काचेखालचे कागद. रोज पुसलेली काच. चौदा महिन्यांत एकदाही उचलले नाहीत ते कागद, म्हणून तारीख ढकलली नाही, म्हणून सुट्टी संपली, म्हणून तीन हप्ते थकले, म्हणून मी इथं. बँक दारात येणार नाही असा शब्द दिलेली बाई हलगी घेऊन दारात उभी. बरं, आमच्याकडं होतं काय? हलगी, हार आणि कॅमेरा. सत्काराला याहून वेगळं काय लागतं? उरला होता फक्त बॅनर, आणि तो बिराजदार उलगडायला लागले होते.

"साहेब, अंथरा तो," मी म्हणाले.

"अंथरा? धरायचा आहे."

"उलटा अंथरा. माणसं बसतील."

"अंथरायचा असं परिपत्रकात नाही की ओ मॅडम."

माझा चेहरा बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे, पण त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा परिपत्रक मोडलं. अक्षरं खाली, पांढरी बाजू वर. गल्लीतले चार वडीलधारे लगेच त्यावर मांडी घालून बसले. बिराजदारही बसले, कोपरा उलटू नये म्हणून.

मग हाराचा घोळ. श्रीलता पुण्याला, अण्णा मागावर. एक उत्साही गृहस्थ हार घेऊन भिंतीवरच्या श्रीलताच्या फोटोकडं निघाले, तसे चार बायकांनी त्यांचे हात धरले. जित्या पोरीच्या फोटोला हार घालतात का? शेवटी मी तो आईच्या गळ्यात घातला. ती रडायला लागली, मलाही रडू आलं, आणि दोघींच्या रडण्याची कारणं वेगळी आहेत हे फक्त बिराजदारांना माहीत होतं. त्यांनी फोटो काढला. परिपत्रकात फोटो होता.

भाषण करावंच लागलं. मी काय बोलले ते आठवत नाही, श्रीलता हुशार आहे आणि बँकेला तिचा अभिमान आहे असं काहीतरी. त्यातलं खोटं काहीच नव्हतं, म्हणून जास्त अवघड गेलं. मग लोकांनी 'साहेबांनी पण बोलावं' असा आग्रह धरला. बिराजदारांना आयुष्यात एकच भाषण येत होतं. ते उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, "सर्वांनी वेळेवर..." तिथं अडकले. सगळे वाट बघत होते. "सर्वांनी वेळेवर शिकावं," म्हणाले आणि खाली बसले. टाळ्या पडल्या.

तेवढ्यात कुणीतरी अण्णांना कारखान्यातून बोलावून आणलं. केसांत, भुवयांत कापसाचे तंतू. त्यांनी हलगी बघितली, बायकोच्या गळ्यातला हार बघितला, आणि मग मला बघितलं. लोक टाळ्या वाजवत होते. ते हसले नाहीत. मला हातानं आत बोलावलं.

आतल्या खोलीत आम्ही दोघंच. बाहेर शंभर माणसं, दार उघडं. या माणसाला ऐकू जायचं तर मला ओरडावं लागणार, आणि ओरडले तर गल्लीला कळणार की बँक वसुलीला आली आहे. अण्णांनी माझ्याकडं बघितलं आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून मग माझ्या ओठांकडं दाखवलं. मागावरची माणसं एकमेकांशी आवाजात बोलतच नाहीत, ओठांवर बोलतात, हे मला तेव्हा कळलं.

मी आवाज न काढता बोलले. सगळं सांगितलं. सत्कार नाही अण्णा, वसुली आहे. श्रीलताचं काही चुकलेलं नाही. अर्ज माझ्याकडंच राहिला. आयुष्यात इतकं सावकाश, एकेक अक्षर तोंडात धरून मी कधी बोललेली नाही. ते डोळे बारीक करून वाचत होते.

तेही ओठांनीच बोलले. कोणाची चूक?

माझी.

नक्की?

नक्की. आज दुरुस्त करते. तिला परत बोलावू नका.

ते वळले आणि बाहेर आले, मीही मागं आले. बाहेर आता चहा चालला होता. अण्णांनी खिशातून फोन काढला आणि श्रीलताला लावला. ऐकू येत नसल्यानं ते फोन नेहमी स्पीकरवर, आवाज पूर्ण मोठा करून कानाशी धरायचे. सिद्रामनं हलगी थांबवली. सगळ्या गल्लीला वाटलं, आता कौतुक होणार.

बोलणं तेलुगूत झालं, पण अकरा वर्षांत मला तेवढं कळायला लागलं होतं. वडिलांना ती नायना म्हणायची. अण्णांनी तोंड उघडायच्या आत तीच बोलली.

"नायना, मला सकाळी बँकेचा मेसेज आलाय. आज वसुलीला घरी येणार आहेत. तुम्ही त्यांच्याशी भांडू नका. मी बॅग भरलीय. संध्याकाळच्या गाडीनं येते."

बसलेल्या वडीलधाऱ्यांनी बिराजदारांकडं बघितलं, बिराजदारांनी माझ्याकडं. श्रीलताच्या आईनं गळ्यातल्या हाराला हात लावला, पण काढला नाही.

अण्णा त्यांच्या नेहमीच्या आवाजात बोलले, शेवटच्या खोलीपर्यंत जाईल असं.

"आले होते. आता पण इथंच आहेत. चूक बँकेची आहे, त्यांनीच सांगितलं. बॅग रिकामी कर."

"पण नायना, तुम्हीच म्हणाला होता की दारात बँक आली तर..."

"म्हणालो होतो. आली दारात. सगळ्यांनी बघितलं." त्यांनी एकदा गल्लीवरून नजर फिरवली. कुणी मान खाली घातली नाही, आणि कुणी हसलंही नाही. "बघू दे. तू बॅग रिकामी कर आणि कॉलेजला जा."

पलीकडून नुसतं रडणं आलं. त्यांना ते ऐकू गेलं नसावं. त्यांनी फोन बंद करून खिशात टाकला आणि मराठीत, अगदी हळू आवाजात मला म्हणाले,

"तिचं मी बघितलं म्याडम. आता तुमचं तुमी बघा."

मी चहा न घेताच, काचेखालचे कागद काढायला बँकेकडं निघाले.